वरून एकच, आतून वेगळं

इंजिनिअरिंगला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवताना एक उदाहरण हमखास असतं. 'शेप' नावाचा एक बेस क्लास, त्याचे 'सर्कल' आणि 'स्क्वेअर' असे दोन वंशज, आणि दोघांनाही आपापली 'ड्रॉ' मेथड. झालं पॉलिमॉर्फिझम! आकृती काढा, व्याख्या लिहा, मार्क घ्या. नोकरीला लागल्यावर कळतं की वर्तुळ आणि चौकोन काढायला कोणी सांगतच नाही. सांगतात ते असं: "हे विंडोजवर चालतंय ना? मग लिनक्सवर पण चालव. आणि वरच्या कोडला हात लावायचा नाही हं!"

खरी गंमत इथून सुरू होते. आमच्याकडे गेले काही आठवडे याच विषयावर वादावादी चालू आहे, त्यामुळे या वीकेंडला तेच लिहितोय. ज्यांचा कोडिंगशी काही संबंध नाही त्यांनी पळून जाऊ नका, समजेल असं लिहायचा प्रयत्न करतो.

इंटरफेस म्हणजे बँकेच्या काउंटरची खिडकी समजा. तुम्ही स्लिप आत सरकवता, पैसे बाहेर येतात. आत कोण बसलंय, तो वही बघतो की कॉम्प्युटर, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. आमच्या धंद्यात खिडकीच्या आत कधी विंडोज बसलेलं असतं, कधी लिनक्स, कधी मॅक. प्रत्येकाची कामाची पद्धत वेगळी. आपण प्रत्येकासाठी एकेक क्लास लिहायचा, पण बाहेरची खिडकी एकच ठेवायची, म्हणजे वरचा प्रोग्रॅम कोणत्याही मशीनवर तोच राहतो.

आता प्रश्न असा, की खिडकीवर कोणकोणत्या सेवांची पाटी लावायची?

याची दोन टोकाची उत्तरं आहेत, आणि आमच्या टीममध्ये दोन्ही उत्तरं देणारी माणसं आहेत. आमचा लीड म्हणतो, "सगळ्या प्लॅटफॉर्मवर जेवढं सारखं आहे तेवढंच ठेव. बाकी काही नको." शेजारच्या डेस्कवरचा मित्र म्हणतो, "छे! सगळ्यांचं सगळं ठेव. जिथे जमत नाही तिथे 'नॉट सपोर्टेड' असं एक्सेप्शन फेकायचं. हाय काय नि नाय काय!"

वाद काही नवा नाही. १९९४ साली आलेल्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकात (चार लेखकांमुळे ज्याला 'गँग ऑफ फोर' म्हणतात तेच) 'लेक्सी' नावाच्या डॉक्युमेंट एडिटरचं उदाहरण आहे. हा एडिटर वेगवेगळ्या विंडो सिस्टिम्सवर चालवायचा तर कॉमन 'विंडो' क्लास कसा असावा, याची तिथे चर्चा आहे, आणि हीच दोन टोकं सांगितली आहेत. एक छेद, दुसरा संयोग. शाळेत संचांच्या धड्यात शिकलो ना, तेच! छेद घेतला तर तुमचा क्लास सगळ्यात कमकुवत सिस्टिमइतकाच ताकदवान होतो. संयोग घेतला तर तो अवाढव्य होतो, आणि कुठल्याही एका कंपनीने आपल्या सिस्टिममध्ये काही बदललं की तुम्हालाही बदलावं लागतं. पुस्तकाचं म्हणणं, मधे कुठेतरी राहा. बरोबर आहे, पण मधे म्हणजे नक्की कुठे?

जावाच्या इतिहासात ही ओढाताण छान दिसते. १९९६ साली पहिल्या जावाबरोबर एडब्ल्यूटी आलं. त्यातलं बटण म्हणजे आतून त्या त्या सिस्टिमचंच बटण. साहजिकच जे सगळीकडे आहे तेवढंच देता आलं, आणि तेही प्रत्येक ठिकाणी जरा वेगळं वागायचं. मग १९९८ च्या जावा १.२ मध्ये स्विंग आलं. त्याने म्हटलं, सिस्टिमचं बटणच नको, आम्ही आमचं स्वतः रंगवतो. सगळीकडे सारखं झालं, पण कुठल्याच मशीनवर ते घरचं वाटेना. सुटाबुटात लग्नाला यावं तर बाकी सगळे झब्ब्यात, तशी गत. नंतर आयबीएममधून निघालेल्या एक्लिप्सबरोबर एसडब्ल्यूटी आलं. त्याने पुन्हा सिस्टिमची बटणं घेतली, आणि जिथे नाहीत तिथे स्वतः रंगवली. तिघांच्या मागे हुशार माणसं होती. तिघांनी वेगवेगळी किंमत मोजली, एवढंच.

पण बटण वाकडं दिसलं तर फार तर डोळ्याला खुपतं. फाइलच्या बाबतीत प्रकरण गंभीर होतं. कसं ते सांगतो.

आमचं एक सॉफ्टवेअर पतसंस्थांमध्ये चालतं. शाखेच्या काउंटरवर विंडोजचं मशीन, मुख्य कार्यालयात लिनक्सचा सर्व्हर. दिवसभरात पिग्मी एजंट पैसे आणून देतात, रोखपाल नोंदी करतो, आणि प्रत्येक नोंदीनंतर दिवसाची फाइल सेव्ह होते. दोन्हीकडे फाइलचं काम एकाच इंटरफेसमधून चालायचं. मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधीपासूनचा तो कोड. त्यात मेथड होत्या वाच, लिही, नाव बदल, मिटव. दिसायला एकदम सोज्ज्वळ.

फाइल सुरक्षित सेव्ह करायची जगन्मान्य पद्धत अशी. जुन्या फाइलवर थेट लिहायचं नाही, कारण अर्ध्यात वीज गेली तर जुनंही गेलं आणि नवंही. म्हणून नवा मजकूर आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचा, आणि मग तिचं नाव बदलून तिला जुन्या फाइलच्या जागी बसवायचं. लिनक्सवर (म्हणजे पॉझिक्स नावाच्या मानकानुसार) 'नाव बदल' ही क्रिया अखंड असते. त्या नावाने आधीच फाइल असली तर तिची जागा नवी फाइल घेते, आणि त्या नावाची फाइलच नाही असा एकही क्षण मधे येत नाही.

विंडोजवर सी लायब्ररीतलं तेच 'रिनेम' फंक्शन त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर चक्क नाही म्हणतं. मग विंडोजचा क्लास लिहिणाऱ्याने काय केलं? आधी जुनी फाइल मिटवली, मग नव्या फाइलला तिचं नाव दिलं. मेथडचं नाव तेच, घ्यायचं तेच, द्यायचं तेच. कंपायलर खूश, टेस्ट पास.

पण आता दोन पायऱ्यांच्या मधे एक फट आली. तेवढ्या वेळात त्या नावाची फाइल अस्तित्वातच नाही. फट काही मिलिसेकंदांची. पण अँटिव्हायरसने नेमकी तीच तात्पुरती फाइल तपासायला धरून ठेवली, की विंडोज नाव बदलू देत नाही, प्रोग्रॅम थांबून पुन्हा प्रयत्न करतो, आणि फट रुंदावते. रोज शंभरेक नोंदी, अनेक शाखा, आणि जिथे दुपारची वीज हमखास जाते आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली आहे अशी गावं. एक ना एक दिवस गाठ पडणारच. पडली.

एका शाखेत वीज गेली ती नेमकी त्या फटीत. वीज परत आल्यावर प्रोग्रॅमने पाहिलं, दिवसाची फाइल नाही. म्हणजे दिवस नवा दिसतोय! त्याने शहाण्यासारखी कोरी फाइल तयार केली. पुढची पहिलीच नोंद सेव्ह करताना जुनी तात्पुरती फाइलही पुसली गेली. सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी गायब.

सपोर्टवाल्याबरोबर मी फोनवर होतो. पलीकडे रोखपाल ताई होत्या. "अहो, मी सगळं भरलं होतं हो. एजंटांसमोर भरलं होतं." मागून व्यवस्थापकांचा आवाज येत होता, की मशीन कशाला खोटं बोलेल, तुम्हीच भरायचं राहिलं असेल. पैशाचा हिशेब जुळत होता, गल्ल्यात रोकड होती, पण नोंदी नाहीत म्हटल्यावर संशयाची सुई माणसाकडेच वळते. त्या बाई रात्री उशिरापर्यंत एजंटांच्या पावतीपुस्तकांवरून सगळं पुन्हा भरत बसल्या. आमच्या लॉगमध्ये मात्र प्रत्येक नोंदीची वेळ लिहिलेली होती. दुसऱ्या दिवशी मी एक पानभर मराठीत लिहून पाठवलं, की अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत इतक्या नोंदी झालेल्या होत्या, त्या सॉफ्टवेअरने गमावल्या, रोखपालांकडून काहीही राहिलं नव्हतं. ते पत्र त्यांनी व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवलं म्हणे. या नोकरीत मी लिहिलेल्या सगळ्या डॉक्युमेंट्समध्ये ते एकच कोणीतरी मनापासून वाचलं असावं!

असो. तर मुद्दा असा, की इथे चूक कोणत्या ओळीत आहे? विंडोजच्या क्लासमध्ये? त्या बिचाऱ्याला 'नाव बदल' लिहायला सांगितलं, त्याने लिहिलं. वरच्या प्रोग्रॅममध्ये? त्याने लिनक्सच्या सवयीने धरून चाललं की 'नाव बदल' म्हणजे अखंड अदलाबदल. दोघंही आपापल्या जागी बरोबर. चूक खिडकीवरच्या पाटीत होती. पाटीवर क्रियेचं नाव होतं, वचन नव्हतं.

अमेरिकेला जाणारे नातेवाईक इथून मिक्सर नेतात, तेव्हा असंच होतं. विमानतळावर मिळणारं 'युनिव्हर्सल' अॅडॅप्टर लावलं की आपली पिन तिकडच्या सॉकेटमध्ये मस्त बसते. पण इथे २३० व्होल्ट, तिथे १२० व्होल्ट. मिक्सर घरघर करतो आणि चटणी काही वाटली जात नाही. आकार जुळला, दाब जुळला नाही. आपला कंपायलर फक्त पिनेचा आकार तपासतो. आत किती व्होल्ट आहेत हे तो बघत नाही, त्याला बघताच येत नाही.

बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ मध्ये एका भाषणात मांडलेलं आणि पुढे त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व हेच सांगतं. मूळ प्रकाराच्या जागी त्याचा उपप्रकार ठेवला तरी प्रोग्रॅमच्या वागण्यात फरक पडता कामा नये. वागण्यात, नुसत्या सहीत नव्हे! त्यांना २००८ चं ट्यूरिंग अवॉर्ड मिळालं. कॉलेजात आपण हे 'सॉलिड'मधलं 'एल' म्हणून पाठ करतो आणि व्हायवा झाला की विसरतो.

मग नवीन इंटरफेस कसा केला? माझ्याकडे काम आलं तेव्हा मी आधी विंडोजची आणि लिनक्सची मेथड्सची यादी शेजारी शेजारी मांडून बसलो नाही. छेद की संयोग हा प्रश्न त्या याद्यांमधूनच येतो. आधी विचारलं की वरच्या प्रोग्रॅमला हवंय तरी काय? त्याला नाव बदलायचं नाहीये. त्याला मिटवायचंही नाहीये. त्याला एकच गोष्ट हवी आहे: 'हा नवा मजकूर जुन्याच्या जागी ठेव. मधे काहीही झालं, तरी नंतर वाचताना मला पूर्ण जुना मिळू दे किंवा पूर्ण नवा. आणि तू हो म्हणालास, की वीज गेली तरी नवाच.'

म्हणून इंटरफेसमधून 'नाव बदल' काढूनच टाकलं. त्याच्या जागी 'बदलून ठेव' अशी एक मेथड आली, आणि वरचं वचन तिच्या डोक्यावर कॉमेंट म्हणून लिहिलं. ते वचन कसं पाळायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आणि खरोखरच तिघंही वेगळ्या वाटेने पाळतात! लिनक्सचा क्लास तात्पुरती फाइल लिहितो, एफसिंक करून ती डिस्कवर उतरवतो, नाव बदलतो, आणि मग त्या फोल्डरवरही एफसिंक करतो, कारण नावातला बदल हा फोल्डरमधला बदल असतो. मॅकवर साधा एफसिंक डेटा ड्राइव्हपर्यंत पोचवतो, पण ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशमधून खाली उतरल्याची खात्री देत नाही. त्यासाठी एफ-फुल-एफसिंक नावाची वेगळी आज्ञा आहे. विंडोजवर 'मूव्हफाइलएक्स'ला 'असेल तर बदल' असा फ्लॅग देता येतो, त्यामुळे आधी मिटवायची गरजच उरत नाही. शिवाय मी कॉमन कोडमध्ये चेकसम घातला. उघडताना मुख्य फाइल नसेल पण तात्पुरती फाइल असेल आणि तिचा चेकसम जुळत असेल, तर तीच खरी मानायची. फाइल नाही म्हणजे नवा दिवस, हा तर्क कायमचा बंद.

यातला कुठलाच फरक 'नाव बदल' आणि 'मिटव' या पातळीवरच्या इंटरफेसमध्ये बसवता आला नसता. तिथे फोल्डरचा एफसिंक कोण करणार? वरचा प्रोग्रॅम? मग त्याला लिनक्स माहीत असावं लागणार. इंटरफेस गरजेच्या पातळीवर नेला की प्रत्येक प्लॅटफॉर्मला आपल्या पद्धतीने वागायला जागा मिळते.

फार वर नेण्यातही धोका आहे बरं का. 'पतसंस्थेचा दिवस सेव्ह कर' अशीच मेथड ठेवली तर प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या क्लासला पिग्मी, खातं, पावती सगळं कळावं लागेल, आणि तोच कोड तीन ठिकाणी लिहिला जाईल. आम्ही तात्पुरतं नाव ठरवणं आणि चेकसम कॉमन ठेवलं, प्लॅटफॉर्मच्या क्लासमध्ये फक्त डिस्कशी बोलणं. प्रत्येक क्लास दीडदोनशे ओळींचा. एका बैठकीत वाचून होतो.

आता मित्राचा प्रश्न. जे खरोखरच एकसारखं करता येत नाही त्याचं काय? फाइलच्या परवानग्या घ्या. लिनक्सवर मालक, गट आणि इतर यांना वाचा-लिहा-चालवा असा साधा हिशेब. विंडोजवर कोणाला काय करता येईल याची लांबलचक यादी. दोघांना एका साच्यात कोंबलं तर दोघांचंही वाटोळं होतं. इथे लपवाछपवी करण्यापेक्षा सरळ विचारायची सोय ठेवावी. २०११ च्या जावा ७ मध्ये फाइलची नवी लायब्ररी आली, तिने हेच केलंय. पॉझिक्स परवानग्यांसाठी वेगळा इंटरफेस, विंडोजसारख्या याद्यांसाठी वेगळा. तुम्ही मागायचा, त्या सिस्टिमवर नसेल तर 'नल' मिळतो. अखंड अदलाबदल मागितली आणि जमणार नसेल, तर त्याच नावाचं एक्सेप्शन येतं. त्याआधीच्या, १९९६ पासूनच्या 'फाइल' क्लासमध्ये 'रिनेमटू' नुसतं खरं की खोटं एवढंच सांगायचं. का नाही जमलं ते गुलदस्त्यात! शहाणपण यायला १५ वर्षं लागली.

या बाबतीत मला सगळ्यात आवडतं ते एसक्यूलाइट. तुमच्या मोबाइलमध्ये आत्ता या क्षणी त्याच्या कितीतरी फाइली असतील. ते लिहिलंय सी भाषेत, पण प्लॅटफॉर्मचा भाग फंक्शन पॉइंटरांच्या टेबलामागे ठेवलाय, म्हणजे मनाने ऑब्जेक्ट ओरिएंटेडच. युनिक्ससाठी एक फाइल, विंडोजसाठी एक. त्यात 'मिटव' या फंक्शनला एक जास्तीचा पॅरामीटर आहे, की मिटवल्यावर फोल्डरही सिंक करायचं का. विंडोजचा कोड तो घेतो आणि वापरत नाही. उलट विंडोजच्या कोडमध्ये अँटिव्हायरसचा विचार आहे. वाचणं, लिहिणं किंवा मिटवणं जमलं नाही तर तो १० वेळा पुन्हा प्रयत्न करतो, पहिल्यांदा २५ मिलिसेकंद थांबून, मग दर वेळी २५ ने वाढवत. वरच्या कोडला याचा पत्ताही नाही. आणि एक फंक्शन आहे जे डिव्हाइसचे गुणधर्म सांगतं: इथे लेखन अखंड होतं का, उघडी फाइल मिटवता येते का वगैरे. म्हणजे फरक तीन ठिकाणी वाटलाय. काही फरक आत गिळलेत, काही पॅरामीटरने सांगितलेत, काही विचारल्यावर कळतात. कुठला फरक कुठे ठेवायचा, यातच डिझाइन आहे.

लीडचं आणि मित्राचं भांडण मिटलं का? अर्धंमुर्धं. लीडचं म्हणणं खरं ठरलं की इंटरफेस छोटा असावा. आमच्यात आता चारच मेथड आहेत. मित्राचं खरं ठरलं की प्लॅटफॉर्मची ताकद वाया घालवू नये. पण 'नॉट सपोर्टेड'ची खैरात आम्ही नाकारली. खिडकीवर पाटी लावायची आणि आत गेल्यावर 'ही सेवा बंद आहे' म्हणायचं, याचा अनुभव आपल्याला सरकारी कचेऱ्यांत पुरेसा आलेला आहे!

वचन लिहिलं की ते तपासावंही लागतं. आम्ही टेस्ट क्लाससाठी लिहीत नाही, इंटरफेससाठी लिहितो. तोच टेस्टचा संच विंडोज, लिनक्स, मॅक आणि मेमरीत चालणारा एक खोटा क्लास, अशा चौघांवर चालतो. खोट्या क्लासला आम्ही सांगू शकतो, की तिसऱ्या पायरीनंतर मर. प्रत्येक पायरीवर मारून बघायचं आणि पुन्हा उघडल्यावर पूर्ण जुनं किंवा पूर्ण नवं मिळतंय का पाहायचं. एसक्यूलाइटवालेही असाच क्रॅश घडवणारा खोटा थर घालून तपासतात. खऱ्या मशीनवर नुसती प्रोसेस मारून भागत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असते आणि तिच्या मेमरीतला डेटा ती सावकाश डिस्कवर लिहिते. वीज जाते तेव्हा तीही जाते. म्हणून व्हर्च्युअल मशीन धाडकन बंद करून बघावं लागतं.

हल्ली कुठलाही कॉमन इंटरफेस लिहायच्या आधी मी कागदावर तीन प्रश्न लिहितो. वापरणाऱ्याला नक्की कोणतं वचन हवंय? ते वचन प्रत्येक प्लॅटफॉर्म स्वतःच्या पद्धतीने पाळू शकतो का? आणि ज्याला पाळता येत नाही, तो तसं तोंडावर सांगणार आहे, की हो म्हणून वेळ मारून नेणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना मेथडचं नाव बदलावं लागतं, असा बऱ्याचदा अनुभव येतो. बदलावं. कोड लिहिण्याआधी नाव बदलायला काही पैसे पडत नाहीत.

सोमवारपासून प्रिंटरचा इंटरफेस हातात घ्यायचाय. पासबुक छापणारे डॉट मॅट्रिक्स, पावत्या छापणारे थर्मल, आणि मुख्य कार्यालयातला लेझर. लीड म्हणतोय, "सगळ्यांना 'प्रिंट' ही एकच मेथड दे." मी विचारलं, "कागद संपला तर कोण सांगणार?" तो अजून विचार करतोय!